छोट्या पडद्यावरचा आर्थर आणि मुका केलेला जुना धर्म

कोणतीही दास्तान एकाच समाजाच्या मालकीची राहत नाही. ती एका तोंडातून दुसऱ्या तोंडी जाते, भाषा बदलते, पोशाख बदलते आणि कधी कधी तर बाजूही बदलते. ब्रिटनच्या आर्थर राजाची कथा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. सॅक्सन आक्रमकांशी झुंजणाऱ्या मूळ ब्रिटन लोकांचा हा वीर. पुढे त्याच सॅक्सनांच्या वारसांनी, म्हणजे इंग्रजांनी, त्याला आपला राजा करून टाकले. ज्यांचा तो होता त्या वेल्श लोकांकडे त्याची नावे उरली, काही कविता उरल्या आणि एक जिवंत भाषा उरली. गोष्ट मात्र हातातून गेली.

आर्थर आपला कोण, त्याच्याशी आपल्याला काय देणेघेणे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या कथेवर इंग्रजीत एकामागून एक मालिका निघाल्या, आणि आपली मुले त्या मोबाइलवर तुकड्यातुकड्यांनी का होईना पाहतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना आम्हाला मर्लिन आणि मॉर्गाना ही नावे अमर अय्यार आणि अफ्रासियाबपेक्षा मुलांच्या ओठांवर अधिक सहज आलेली दिसतात. यापैकी बहुतेक मालिकांचा विषयही करमणुकीपुरता नाही. ज्यांचा धर्म बेकायदा ठरला, ज्यांना जिवंत राहण्यासाठी स्वतःची ओळख लपवावी लागली, अशा माणसांची गोष्ट त्या सांगतात. ती कशी सांगितली जाते, हे तपासणे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

आधी मूळ कथेचा थोडा मागोवा घेऊ. नवव्या शतकात, साधारण ८२९-३० च्या सुमारास लिहिलेल्या ‘हिस्टोरिया ब्रिटोनम’ या लॅटिन ग्रंथात आर्थर बारा लढाया जिंकणारा सेनानी म्हणून येतो. वेल्श वृत्तांतात ५३७ या वर्षाखाली कॅमलानच्या लढाईत आर्थर आणि मेद्राउत पडल्याची नोंद आहे. हाच मेद्राउत पुढे मॉर्ड्रेड झाला. ११३६ च्या आसपास मॉन्मथच्या जेफ्रीने या सर्वांची एक भव्य राजकथा रचली. वेल्श परंपरेत मिर्दिन नावाचा, रणांगणावर भान हरपून रानात गेलेला कवी होता, आणि जुन्या ग्रंथात अँब्रोसियस नावाचा बापाविना जन्मलेला भविष्य सांगणारा मुलगा होता. जेफ्रीने दोघांना एकत्र ओतून मर्लिन घडवला. गोलमेज ११५५ मध्ये वास या कवीने आणली. लान्सलॉटला राणीचा प्रियकर केले ते फ्रान्सच्या क्रेतियाँने. शेवटी थॉमस मॅलरीने सारे इंग्रजीत बांधले आणि कॅक्स्टनने ते १४८५ मध्ये छापले. म्हणजे या कथेचा पाया वेल्श असला तरी भिंती फ्रेंच आहेत आणि छप्पर इंग्रजी आहे. ‘खरा आर्थर’ दाखवल्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही मालिकेकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

आता मालिकांकडे वळू. १९९८ मध्ये अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर सॅम नीलची भूमिका असलेली ‘मर्लिन’ आली. २००१ मध्ये मॅरियन झिमर ब्रॅडली यांच्या कादंबरीवरून ‘द मिस्ट्स ऑफ अ‍ॅव्हलॉन’ आली. २००८ ते २०१२ या काळात बीबीसीची ‘मर्लिन’ ही पाच पर्वांची, ६५ भागांची मालिका गाजली. २०११ मध्ये ‘कॅमेलॉट’ एका पर्वानंतर बंद पडली. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर ‘कर्स्ड’ आली आणि तीही दहा भागांवर थांबली. या सर्वांत एक सूत्र समान आहे. आर्थरच्या राज्याखाली दडलेला एक ‘जुना धर्म’ असतो आणि त्याला रंग देण्यासाठी केल्टिक पुराणकथांचे साहित्य वापरलेले असते. ते साहित्य कोठून आणि कसे उचलले, हे पाहण्यासाठी आम्ही मुख्यतः बीबीसीची ‘मर्लिन’ घेतो, कारण ती सर्वाधिक पाहिली गेली आणि तिच्यात गुण-दोष दोन्ही ठसठशीत आहेत.

या मालिकेत उथर राजाने वीस वर्षांपूर्वी जादूवर बंदी घातलेली आहे. जादू करणाऱ्याला देहदंड आहे. ड्रुइड नावाचे लोक रानावनात तळ हलवत जगतात आणि सैनिक त्यांची शिकार करतात. तरुण मर्लिन जन्मजात जादूगार आहे, पण तो राजपुत्र आर्थरचा नोकर म्हणून राहतो आणि आपली शक्ती लपवून त्याचा जीव वाचवत राहतो. ड्रुइड त्याला एम्रिस म्हणतात. हे नाव अस्सल आहे. अँब्रोसियसचे ते वेल्श रूप. किल्ल्याच्या तळाशी साखळदंडात ठेवलेला अजगरासारखा महाकाय ड्रॅगन हीसुद्धा जुन्या कथेची सावली आहे. मूळ कथेत व्होर्टिगर्न राजाचा किल्ला सारखा ढासळतो, कारण त्याच्या पायाखाली दोन ड्रॅगन झुंजत असतात. तांबडा ब्रिटन लोकांचा, पांढरा सॅक्सनांचा. वेल्सच्या ध्वजावर आजही तांबडा ड्रॅगन आहे. मालिकेत मात्र चौथ्या पर्वात पांढऱ्या ड्रॅगनचे पिल्लू जन्मते आणि ते शुभचिन्ह म्हणून सांगितले जाते. शत्रूचे निशाण शुभशकुन झाले! पुढे याच पांढऱ्या ड्रॅगनच्या फुंकरीने घडलेली तलवार आर्थरचा घात करते. लेखकांनी ते जाणूनबुजून केले असेल तर त्यांना दाद द्यावी लागेल.

इतर उसनवारी मात्र इतकी विचारपूर्वक नाही. पहिल्या पर्वात ‘शी’ नावाचे इवलेसे निळे, क्रूर जीव येतात आणि अमरत्वासाठी राजपुत्राचा बळी मागतात. आयरिश परंपरेत शी म्हणजे मुळात टेकड्या, आणि त्या टेकड्यांत राहणारे ते तेजस्वी, माणसाएवढे लोक. चौथ्या पर्वाच्या आरंभी साउइनच्या रात्री मृतांच्या जगाचा पडदा फाटतो आणि त्या दाराची राखणदार म्हणून काल्याख ही वृद्धा उभी राहते. साउइनच्या रात्री दोन जगांमधले दार उघडते ही कल्पना आयरिश कथांत खरोखरच आहे. पण काल्याख ही आयर्लंड-स्कॉटलंडची हिवाळ्याची म्हातारी आहे. डोंगर रचणारी, वादळे आणणारी. मृतांच्या दारावरचा पहारा हे काही तिचे काम नाही. पाचव्या पर्वातल्या ‘दीसिर’ तर केल्टिकही नाहीत, त्या उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या. म्हणजे वेल्श नायक, आयरिश भुते, स्कॉटिश म्हातारी आणि नॉर्स न्यायासन, असे सारे एका देगीत शिजवून त्यावर ‘जुना धर्म’ अशी चिठ्ठी लावली आहे.

कथेत भेसळ असतेच, ती नसती तर कथा प्रवास करू शकली नसती. आमची हरकत भेसळीला नाही. हरकत या गोष्टीला आहे की इतके सारे मिसळूनही त्या धर्मात धर्म म्हणावा असे काही उरलेले नाही. ड्रुइड कोणाची प्रार्थना करतात? त्यांच्या घरात मूल जन्मले, माणूस मेला तर काय करतात? भुकेल्याला ते काय म्हणून जेवू घालतात? ६५ भागांत याचे उत्तर फारसे मिळत नाही. त्यांच्याजवळ मंत्र आहेत, बळी आहेत, शाप आहेत. नीती मात्र पुसटच आहे. धर्मातून नीती आणि रोजचे जगणे काढून घेतले की मागे जादूच उरते, आणि जादूवर बंदी घालणे कोणालाही पटवून देता येते.

ऐतिहासिक ड्रुइडांविषयी आपल्याला जे थोडे कळते ते रोमन लेखकांकडून. ज्युलियस सीझर लिहितो की ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत. काहीजण वीस-वीस वर्षे पाठांतर करत. पाठांतराची महती हिफ्जची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला वेगळी सांगायला नको. पण ज्यांनी ती विद्या छातीत जपली त्यांची छातीच रोमनांनी फोडली. इ. स. ६० च्या सुमारास रोमन फौजांनी आजच्या अँग्लसी बेटावरचे त्यांचे केंद्र उद्ध्वस्त केले. ही हकीकत आपल्याला टॅसिटसकडून, म्हणजे जिंकणाऱ्यांच्याच लेखणीतून, कळते. आर्थरचा म्हणून जो काळ मानतात तो याच्या चार-साडेचार शतकांनंतरचा. तोवर ब्रिटन लोक बव्हंशी ख्रिस्ती झालेले होते. जुन्या ग्रंथात तर आर्थर मेरीची प्रतिमा वाहून लढतो. तेव्हा आर्थरच्या दरबारात ड्रुइड आणि राजसत्ता यांचा झगडा दाखवणे ही आजची गरज आहे, इतिहास नव्हे.

भाषेच्या बाबतीत तर मालिकेने कमाल केली आहे. मर्लिन, मॉर्गाना आणि ड्रुइड जे मंत्र म्हणतात ते प्राचीन इंग्रजीत आहेत. म्हणजे सॅक्सनांच्या भाषेत! ज्यांच्याविरुद्ध आर्थर आयुष्यभर लढला त्यांची भाषा ब्रिटनच्या जुन्या धर्माच्या तोंडी घातली आहे. इंग्रज श्रोत्याच्या कानाला ती प्राचीन आणि गूढ वाटते हे खरे. पण वेल्श भाषा काही मेलेली नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये सुमारे ५,३८,००० लोकांनी आपल्याला वेल्श बोलता येते असे सांगितले. १९८२ पासून त्या भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाहिनी आहे. मिर्दिनच्या नावावरच्या कविता तेराव्या शतकातल्या वेल्श हस्तलिखितात आजही वाचता येतात. भाषा जिवंत असताना, तिचे बोलणारे शेजारच्या गावात असताना, त्यांच्या पूर्वजांच्या तोंडी दुसऱ्याची भाषा द्यायची, याचा अर्थ घरात एक भाषा, वर्गात दुसरी आणि कचेरीत तिसरी बोलणाऱ्या आपल्या वाचकाला चटकन कळेल. ज्याची गोष्ट सांगता त्याची भाषा जर तुम्हाला लागत नसेल, तर ती गोष्ट त्याची राहिली कुठे?

असे असूनही ही मालिका मनाला भिडते, आणि ते तिच्या माणसांमुळे. कॉलिन मॉर्गनचा मर्लिन हसतो तेव्हाही त्याच्या डोळ्यांत धाक असतो. लपून जगणाऱ्या माणसाचे हे हसू अगदी खरे आहे. उथरचा द्वेषही लेखकांनी नेमका रेखला आहे. मूल व्हावे म्हणून त्यानेच जादूची मदत घेतली; एका जीवाच्या बदल्यात दुसरा जीव जातो या नियमाने राणी गेली; आणि मग स्वतःच्या सौद्याची शिक्षा त्याने एका संपूर्ण समाजाला दिली. अपराध एकाचा, झडती सगळ्या वस्तीची. या राजाला मालिकेने कोणताही धर्म दिलेला नाही. दरबारात ना पाद्री, ना चर्च. त्यामुळे आजच्या कोणत्याही प्रेक्षकाला आरशात स्वतःचे तोंड दिसत नाही. सोयीची गोष्ट आहे खरी, पण धीटपणाची नाही.

मालिकेचा खरा कस लागतो तो मॉर्गाना आणि मॉर्ड्रेडपाशी. बाराव्या शतकातल्या ‘व्हिटा मर्लिनी’ या काव्यात मॉर्गन ही नऊ बहिणींतली थोरली, वनौषधी जाणणारी, जखमी आर्थरवर उपचार करणारी आहे. मालिकेतली मॉर्गानाही आरंभी दयाळू आहे, ड्रुइड मुलाला लपवणारी आहे. तिला स्वप्ने पडू लागतात, आपल्यात जादू आहे या जाणिवेने ती घाबरून जाते. मर्लिनला सारे ठाऊक असते. तरी ‘तू एकटी नाहीस, मीही तुझ्यासारखाच आहे’ एवढे एक वाक्य तो तिला सांगत नाही. पुढे कॅमेलॉट वाचवण्यासाठी तो तिला विषही पाजतो. ती वैरीण होते यात नवल काय? अल्पसंख्य समाजातल्या माणसाने स्वतःच्या सुरक्षेसाठी आपल्याच माणसाला अंधारात सोडले की काय होते, याचे इतके स्पष्ट चित्र आम्ही मुलांच्या मालिकेत अपेक्षिले नव्हते.

पाचव्या पर्वातला दीसिरचा प्रसंग तर साऱ्या मालिकेचा कणा आहे. मॉर्ड्रेड मरणाच्या दारात आहे. आर्थरने जुन्या धर्माला राज्यात जागा दिली तर त्याचा जीव वाचेल, असे आर्थरला वाटते. राजा आयुष्यात प्रथमच आपल्या नोकराला विचारतो की काय करावे. ज्या क्षणासाठी मर्लिन इतकी वर्षे झिजला तो क्षण समोर उभा आहे. पण मॉर्ड्रेड जगला तर तो आर्थरला मारील हे भाकीत त्याला ठाऊक आहे. म्हणून तो सांगतो, कॅमेलॉटमध्ये जादूला जागा असू शकत नाही. एका माणसाच्या भीतीने त्याने साऱ्या समाजाचे दार स्वतःच्या हाताने बंद केले. आणि मॉर्ड्रेड तरीही जगतोच. येथे मालिका शोकांतिकेच्या उंचीला पोहोचते. दुःख एवढेच की लेखकांना स्वतःच उभ्या केलेल्या या प्रश्नाला पुढे सामोरे जाता आले नाही. आर्थरला मर्लिनचे खरे रूप कळते ते अगदी शेवटी, मरणाच्या वाटेवर. जादूवरची बंदी उठलेली पडद्यावर दिसतच नाही. अखेरच्या दृश्यात म्हातारा मर्लिन आजच्या रस्त्याने चालला आहे, अजून वाट पाहत. पिढ्यान्‌पिढ्या निष्ठा सिद्ध करत बसलेल्या माणसाचे हे चित्र चटका लावते, पण त्याला न्याय देत नाही. मालिकेने दोनच वाटा ठेवल्या: लपून सेवा करा, नाहीतर सूड घ्या. आपल्या नावाने, उघड्या चेहऱ्याने राहण्याची तिसरी वाट तिला दिसली नाही.

इतर मालिकांनी काय केले? ‘मिस्ट्स ऑफ अ‍ॅव्हलॉन’ने जुन्या धर्माला निदान आतला आवाज दिला. तिथे मॉर्गेन स्वतः कथा सांगते, पुजारिणींचे जगणे दिसते. पण तिथली महादेवी जुन्या वेल्श ग्रंथांतून आलेली नाही. कुमारी, माता, वृद्धा या त्रिरूप देवीची ही मांडणी मुख्यतः रॉबर्ट ग्रेव्हज या कवीच्या १९४८ च्या ‘द व्हाइट गॉडेस’ या ग्रंथामुळे रूढ झाली. अर्थात विसाव्या शतकाने स्वतःसाठी घडवलेला तो प्राचीन धर्म आहे. तरी तिचा शेवट आम्हाला आवडला: मेरीच्या मूर्तीपुढे झुकलेल्या स्त्रियांत मॉर्गेनला आपली देवी ओळखू येते. १९९८ च्या ‘मर्लिन’मध्ये मॅब ही जुन्या वाटेची राणी आहे. लोक तिच्याकडे पाठ फिरवतात, तिला विसरून जातात आणि ती नाहीशी होते. तलवारीने नव्हे, विस्मरणाने मरण येते ही कल्पना साधी आहे, पण खोल आहे. ‘कर्स्ड’मध्ये लाल झग्यातले धर्मयोद्धे फे लोकांची गावे जाळतात. तिथे अत्याचार आहे, रक्त आहे. पण फे लोकांच्या टोळ्यांत रोमन पुराणातले फॉनसुद्धा बसवले आहेत! छळ खरा, छळले गेलेले लोक मात्र कोणीही चालतील, असा तो प्रकार आहे.

आता आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा. आर्थरच्या गोलमेजेवर एक मुसलमान होता. मॅलरीच्या ग्रंथात सर पॅलोमाइडीस हा ‘सॅरासेन’ सरदार आहे. मध्ययुगीन युरोप मुसलमानांना याच नावाने ओळखत असे. शूर, प्रेमात अपयशी, आणि एका विचित्र श्वापदाच्या मागे जन्मभर धावणारा असा हा सरदार. बीबीसीच्या ‘मर्लिन’ने ते श्वापद पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात घेतले, पण त्याचा शिकारी घेतला नाही. या मालिकेत ग्वेन आणि तिचा भाऊ एल्यन यांच्या भूमिका कृष्णवर्णी वंशाच्या कलावंतांना दिल्या. ‘कर्स्ड’चा आर्थरही तसाच. ही गोष्ट स्तुत्यच आहे. पण चेहरा बदलला तरी पात्राचा भूतकाळ बदलत नाही; आणि ज्याला वेगळा भूतकाळ होता तो पॅलोमाइडीस वर उल्लेखिलेल्या एकाही मालिकेत नाही. गंमत अशी की रॉबिन हुडच्या जुन्या गीतांत कोणी सॅरासेन साथीदार नव्हता. १९८४ च्या ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ मालिकेने नासिर नावाचा नवा साथीदार त्याला दिला. ज्याच्याकडे नव्हता त्याला मिळाला, ज्याच्याकडे होता त्याने गमावला.

पण पॅलोमाइडीस परत आणा एवढीच मागणी करून भागणार नाही. मॅलरीने त्याला शेवटी बाप्तिस्मा दिलाच. तेराव्या शतकाच्या आरंभी वुल्फ्राम या जर्मन कवीने ‘पार्त्सिफाल’मध्ये नायकाला फायरेफिझ नावाचा सावत्र भाऊ दिला. आई पूर्वेकडची काळी राणी, बाप युरोपीय, कातडीवर काळे-पांढरे चट्टे. बगदादच्या खलिफाचाही त्या काव्यात मानाने उल्लेख आहे. तरी हा फायरेफिझ ज्युपिटर आणि जुनो या रोमन देवतांना भजतो! ज्याचा धर्म आपल्याला माहीत नाही त्याला हवा तो देव देऊन टाकायचा, ही तेव्हाची रीत. सॅरासेनला ज्युपिटर देणारा कवी आणि ड्रुइडाला नॉर्स देवता देणारा पटकथाकार यांच्यात आठशे वर्षांचे अंतर आहे, पण सवय तीच आहे.

आपल्या घरातही डोकावले पाहिजे. ‘तिलिस्म-ए-होशरुबा’त महरुख आणि बहार या जादूगारणी अमीर हमजाच्या बाजूला येतात आणि आपला सेहर उघडपणे वापरून लढतात. मर्लिनसारखे लपून राहणे त्यांच्या वाट्याला येत नाही, ही आपल्या दास्तानीची शान. पण त्याआधी त्यांना पक्ष आणि श्रद्धा बदलावी लागते. समोरचे जादूगार ज्या सामरी-जमशेदला खुदा मानतात ते कोणत्याही जित्याजागत्या समाजाचे देव नाहीत. दास्तानगोने शत्रूसाठी बनवून दिलेले आहेत. वुल्फ्रामने आपल्याला जे दिले तेच आपण दुसऱ्यांना दिले. हे मान्य केले तरच आपल्या टीकेला वजन येईल.

म्हणून या मालिकांचे आमचे मूल्यमापन असे: त्यांनी छळ झालेल्यांविषयी कणव निर्माण केली, आणि लहान वयाच्या प्रेक्षकात ती रुजवणे ही लहान कामगिरी नाही. पण कणव देताना त्यांनी त्या लोकांची भाषा, रोजची नीती आणि उघड जगण्याचा हक्क पडद्यामागेच ठेवला. दयेला पात्र ठरवलेला माणूस आणि स्वतःचे म्हणणे मांडणारा माणूस यांत फरक आहे. मुस्लिम मराठी लेखकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्यावर लिहिल्या गेलेल्या पुष्कळ सहृदय कथांत आपण अत्तर लावतो, शिरखुर्मा वाढतो, दंगलीत मरतो. बोलतो मात्र क्वचित. आपल्या मुलांना या मालिका जरूर पाहू द्याव्यात. सोबत एवढे विचारावे की या ड्रुइडाच्या घरी सणाला काय शिजत असेल, त्याची आजी त्याला कोणत्या भाषेत गोष्ट सांगत असेल. ज्या मुलाला हा प्रश्न पडेल, ते पुढे आपल्या शेजाऱ्याविषयी लिहिताना त्याच्या तोंडी परकी भाषा घालणार नाही.